दहावीनंतरची तयारी नववीतच सुरू करावी लागते

‘माझी मुलगी सोळा वर्षांची असून गोव्यातील डिचोली तालुक्यात एका हायस्कूलमध्ये नववीत शिकते. तिला सौम्य बौद्धिक दिव्यांगता आहे. शाळेत रिसोर्स रूम, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना वेगळे शिकवण्याची खोली आहे, तिथल्या बाई जीव लावून शिकवतात. ती नाव-पत्ता लिहिते, सोपी वाक्ये वाचते, पण पन्नास रुपयांच्या पुढचा हिशेब तिला जमत नाही. दहावी झाल्यावर पुढे काय, या विचाराने मला झोप लागत नाही. माझे यजमान सरकारी खात्यात कारकून आहेत, त्यांना वाटते की राखीव जागेतून तिला कुठेतरी शिपायाची नोकरी मिळेल. सासूबाई म्हणतात, पोरीची जात, तिला बाहेर कशाला पाठवता, घरात काय कमी आहे? सुट्टीत ती माझ्या दिरांच्या किराणा दुकानात बसते आणि कोणी न सांगता आलेला माल मांडून ठेवते. तिला एक धाकटा भाऊ आहे. आमच्या माघारी तिचे काय होईल? आतापासून आम्ही नेमके काय करावे?’
– एक आई, डिचोली तालुका

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हा प्रश्न नववीत विचारलात, याचे मला फार बरे वाटले, कारण बहुतेक घरांत तो दहावीचा निकाल लागल्यानंतर विचारला जातो आणि तोवर हातातली सोयीची वर्षे निघून गेलेली असतात. शाळा असेपर्यंत मुलीला उठण्याची वेळ असते, गणवेश असतो, बस असते, मैत्रिणी असतात, तिच्यासाठी राबणाऱ्या बाई असतात. परीक्षा संपली की हे सगळे एकदम थांबते, आणि वर्षानुवर्षांच्या कष्टाने लागलेल्या सवयी काही महिन्यांत विस्कटतात. अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या कायद्यानेच शाळेवर बंधन घातले आहे की विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी लिहिलेली असली पाहिजे. आपल्याकडे शाळेवर तशी सक्ती नाही, त्यामुळे हा विषय शाळेसमोर आई-वडिलांनाच काढावा लागतो. माझे मत थोडक्यात सांगायचे तर, शाळेची उरलेली वर्षे अभ्यास पुरा करण्यात घालवण्यापेक्षा तिला रोजचे जगणे स्वतःच्या हाताने करता यावे यासाठी वापरावीत, आणि नोकरी, संस्था, पालकत्व हे प्रश्न त्या बेताने हाताळावेत.

प्रथम दहावीविषयी. ‘दहावी झाली की शाळा संपली’ असे गृहीत धरू नका. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 या कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावीची परीक्षा घेणारे गोवा मंडळ विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना काही नेहमीच्या विषयांऐवजी पूर्व-व्यावसायिक विषय घेण्याची मुभा देते. या मुभेचा लाभ तिला मिळतो आहे का, आणि कोणता विषय तिच्या हाताला मानवेल, हे मुख्याध्यापकांना आणि रिसोर्स रूमच्या बाईंना आत्ताच विचारा, कारण दहावीचे अर्ज भरण्याच्या वेळी विषय बदलणे अवघड जाते. मंडळाची परीक्षा झेपत नाही असे दिसले तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे, तिथे एकेक विषय सवडीने पुरा करता येतो. गुणपत्रिका हातात असणे उपयोगाचे आहेच. तथापि त्या कागदासाठी दोन वर्षे शिकवणी लावून संध्याकाळभर तिला बीजगणितापाशी बसवून ठेवणे मला पटत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या मला सर्वांत मोलाच्या वाटलेल्या वाक्याकडे येतो. दुकानात ती कोणी न सांगता माल मांडून ठेवते, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण आयुष्याची घडी कुठून बसवायची याचा धागा तिथेच आहे. तिला अव्यवस्था दिसते, एकसारख्या वस्तू वेगळ्या काढता येतात आणि हुकमाची वाट न पाहता काम सुरू करता येते. ‘ती काय करू शकते’ असे विचारले की घरचे लोक वाचन आणि हिशेब सांगतात, आणि मग यादी आखूड भरते. त्याऐवजी एक वही करा आणि तिच्या हाताला काय लागते ते त्यात टिपत जा: ती सलग किती वेळ काम करते, उभ्याने करते की बसून, गर्दी-गोंगाट तिला सोसतो का, दमल्यावर सांगते की चिडते, चूक दाखवली तर काय करते. ही वही पुढे प्रशिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेला बुद्ध्यंकाच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

मात्र काकांच्या दुकानात एक अडचण आहे. तिथे तिचे सगळे खपवून घेतले जाते, कंटाळा आला की ती उठून घरी येऊ शकते. म्हणून ते दुकान सरावाची जागा ठेवावे आणि सुट्टीत थोडे दिवस तिला परक्या जागी काम करून पाहू द्यावे. आपल्या भागात अशा जागा शोधल्या तर सापडतात: मसाले आणि पापड करणारा स्वयंसाहाय्य गट, रोपवाटिका, बेकरी, काजूगराची प्रतवारी करणारा कारखाना, एखाद्या हॉटेलातील चादरी-टॉवेल धुऊन घड्या घालण्याचा विभाग, देवळाबाहेर अबोलीचे वळेसर (गजरे) करणाऱ्या बायका. पैशाची अपेक्षा सुरुवातीला ठेवू नका, पण काम खरे असू द्या. नुसते ‘गुंतवून ठेवण्यासाठी’ दिलेले काम मुलांना लगेच कळते. या मुलांना नोकरीला लावणाऱ्या जाणत्या लोकांचा अनुभव असा की आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण आणि मग काम, या क्रमापेक्षा आधी कामाची जागा ठरवून त्याच जागी, सोबत माणूस देऊन शिकवणे अधिक टिकते, कारण एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी नेणे हेच बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्तीला सर्वांत कठीण जाते. प्रशिक्षण केंद्रात मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या उत्तम करणारी मुलगी बेकरीत पहिल्या दिवशी गोंधळली, तर त्याचा अर्थ ती कामाला नालायक आहे असा होत नाही.

शिकवण्याची रीत दुकानातल्याच एका कामावरून सांगतो. बिस्किटांचे पुडे लावताना जुना माल पुढे आणि नवा मागे ठेवायचा असतो. बारीक छापलेली तारीख तिला वाचता येणार नाही. मग प्रत्येक वेळी आलेल्या मालाच्या खोक्यांवर आणि पुड्यांवर रंगीत टिकली लावायची: या खेपेला हिरवी, पुढच्या खेपेला पिवळी, आणि फळीच्या कडेला त्याच क्रमाने दोन टिकल्या चिकटवायच्या. तिने फक्त फळीवरची टिकली आणि पुड्यावरची टिकली जुळवून पाहायची. काम तेच राहिले, फक्त जिथे ती अडखळत होती ती पायरी बदलली. कामाचे असे बारीक तुकडे पाडावेत आणि पुष्कळदा शेवटचा तुकडा आधी शिकवावा, म्हणजे सगळे तुम्ही करायचे आणि अखेरचा पुडा तिने ठेवायचा, मग अखेरचे दोन, मग अख्खी रांग. त्यात रोज काम पुरे झाल्याचे समाधान तिच्या वाट्याला येते. पैशाचेही तसेच. पन्नासच्या पुढची बेरीज येईपर्यंत थांबून राहू नका. किंमत बावीस रुपये ऐकली की दहाच्या तीन नोटा द्यायच्या आणि सुटे परत येईपर्यंत हात पुढे ठेवायचा, एवढे आले तरी ती बाजारात उभी राहू शकते. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय मात्र सध्या तिच्या हाती देऊ नये, असे मला वाटते. कोणी गोड बोलून क्रमांक मागितला तर तिला नाही म्हणता येईल की नाही, हे आधी पाहावे लागेल.

त्याहून महत्त्वाची मला बस वाटते. कामाची संधी साखळीला किंवा म्हापशाला आली आणि रोज पोहोचवायला माणूस नाही, या एका कारणाने आपल्याकडे किती मुली घरी बसल्या असतील! एकच मार्ग निवडा, घर ते डिचोली बसस्थानक एवढाच. सुरुवातीला तिच्याशेजारी बसा, पण तिकीट तिलाच काढू द्या. नंतर तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि ती चुकली तरी लगेच उठू नका. मग ती एकटी बसमध्ये चढेल आणि तुम्ही उतरण्याच्या थांब्यावर उभ्या असाल. बसची पाटी वाचता येत नसेल तर रस्त्यावरच्या खुणा धरायला शिकवा: पूल गेला, देऊळ आले, आता पिशवी उचलायची. खासगी बसचा कंडक्टर ओरडून गाव सांगतो आणि क्षणभरच थांबतो, सरकारी कदंब बसची तऱ्हा वेगळी. दोन्हींचा सराव असावा. आणि थांबा हुकला तर काय करायचे, याचा सराव मुद्दाम थांबा हुकवून करून घ्या. तिच्या मोबाइलमध्ये तुमचा फोटो दाबला की फोन लागेल अशी सोय करता येते. हे सगळे एका महिन्यात होईल असे नाही, परंतु तुमच्यापाशी दोन वर्षे आहेत.

सासूबाईंची भीती खोटी नाही, आणि तुम्ही ती हसण्यावारी नेऊ नये. पण घरात ठेवले की मुलगी सुरक्षित राहते, हा समज बरोबर नाही. अशा मुलींना त्रास देणारी व्यक्ती बहुधा ओळखीतलीच निघते. धोका वाढतो तो आपण तिला लहानपणापासून लावलेल्या सवयीने, मोठे जे सांगतील ते मुकाट्याने ऐकायचे या सवयीने. ज्या मुलीचे ‘नको’ घरात कोणी कधी मानले नाही, तिचे ‘नको’ बाहेर तोंडातून निघत नाही. म्हणून आजपासून तिने ताटातली भाजी नको म्हटले, पाहुण्यांनी जवळ घेतलेले नको म्हटले, तर ते मानले जाऊ द्या. शरीराच्या अवयवांची खरी नावे, पाळीच्या दिवसांत पॅड बदलण्याची सवय, न्हाणीघराची कडी लावून घेणे, कोणाचा कोणता स्पर्श चालतो आणि कोणता नाही, हे सगळे तिला स्पष्ट शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागेल. सूचक बोलणे तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. सासूबाईंनाच या कामात घ्या. नातीला चपाती लाटायला किंवा पाळीच्या दिवसांत स्वतःची काळजी घ्यायला आजीने शिकवले, तर बाहेर जाण्याला असलेला त्यांचा विरोधही हळूहळू सैल पडतो.

यजमानांच्या आशेविषयी मी रोखठोक लिहितो, त्यांनी राग मानू नये. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा राखल्या, हे खरे. त्यांतील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता (उदा. डिस्लेक्सिया), मानसिक आजार आणि बहुविकलांगता अशा सर्वांसाठी मिळून आहे. शिवाय कोणत्या पदावर कोणत्या प्रकारची दिव्यांगता चालेल हे आधी ठरवलेले असते, किमान शैक्षणिक पात्रताही बहुधा लागतेच, आणि परीक्षेत स्पर्धा अध्ययन अक्षमता असलेल्या पदवीधराशीही होऊ शकते. जाहिरात आली तर अर्ज अवश्य करावा. पण ती नोकरी येईल म्हणून बाकी सगळे थांबवून ठेवू नये. पणजीत 2023 पासून भरणाऱ्या पर्पल फेस्टला तिला घेऊन जा, तिथे दिव्यांग मंडळी स्वतः केलेल्या वस्तू घेऊन बसलेली दिसतील आणि काही कामे तिला प्रत्यक्ष पाहता येतील. (मंचावरच्या टाळ्यांचा महोत्सवानंतरच्या महिन्यांत काही उपयोग नसतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.) डिचोलीत केशव सेवा साधना, फोंड्यात लोकविश्वास प्रतिष्ठान आणि पर्वरीला संजय सेंटर या संस्थांनी विशेष शिक्षणाचे काम वर्षानुवर्षे केले आहे. तिथे भेट देऊन एकच गोष्ट विचारा: इथून बाहेर पडलेली मुले आज काय करतात, आणि त्यांतल्या एखाद्या पालकाशी आम्हाला बोलता येईल का?

तुमच्या संपूर्ण पत्रात यजमानांचे मत आहे, सासूबाईंचे आहे, तुमचे आहे, पण मुलीचे नाही. तिला काय आवडते हे ‘मोठी झाल्यावर तुला काय व्हायचे आहे’ अशा प्रश्नाने कळणार नाही. त्यावर ती मैत्रिणीने दिलेले उत्तर देईल. तिला दोन जागा दाखवा, दोन्हीकडचे फोटो तिच्यापुढे ठेवा आणि पुन्हा कुठे जायचे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. शाळेत पालक-शिक्षक बैठक असेल तेव्हा तिला बाहेर बसवू नका. तिच्याविषयीचे बोलणे तिच्यासमोर आणि तिला समजेल अशा शब्दांत होऊ द्या. रविवारी कोणता पोशाख घालायचा, मिळालेल्या पैशाचे काय घ्यायचे, केस कापायचे की नाही, असे लहान निर्णय तिचे तिने घेतले आणि चुकले, तरच मोठा निर्णय आल्यावर तिच्याशी बोलता येईल.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण अठराव्या वर्षी पुष्कळ गोष्टी बदलतात. लहानपणी मिळालेले दिव्यांगतेचे प्रमाणपत्र तेव्हा पुन्हा तपासून घ्यावे लागते, त्यासाठी जिल्हा इस्पितळात किंवा गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जाताना जुने अहवाल सोबत ठेवा. ‘यूडीआयडी’ कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, अद्याप काढले नसेल तर थांबू नका. पंधराव्या वर्षी आधारवरील बोटांचे ठसे नव्याने द्यायचे असतात, तेही राहिले असेल तर उरका, नाहीतर पुढच्या प्रत्येक खिडकीवर अडवणूक होईल. बँकेत तिच्या स्वतःच्या नावे बचत खाते उघडा. दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला ती पात्र ठरत असेल तर पैसे त्याच खात्यात येऊ द्या आणि त्यातली थोडी रक्कम ती स्वतः काढील असे पाहा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. ती अठरा वर्षांची झाली की मतदार यादीतही तिचे नाव घालायचे आहे, हे बहुतेक घरे विसरतात.

पालकत्वाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मूल दिव्यांग असले तरी अठराव्या वर्षानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. हे पालकत्व खरोखर हवे आहे का आणि कोणत्या कामापुरते हवे आहे, हे समितीने पाहायचे असते. नेमलेल्या पालकाला मालमत्तेची यादी सहा महिन्यांत द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेबही सादर करावा लागतो. तुमच्या मुलीची समज तुम्ही लिहिता तशी असेल, तर अठरावा वाढदिवस झाला की धावत जाऊन तिचे सगळे हक्क आपल्या नावावर करून घेण्याची घाई करू नका. 2016 च्या कायद्याचा कलही तिच्याशी विचारविनिमय करून, ठरावीक निर्णयापुरत्या मर्यादित पालकत्वाकडे आहे. बँकेने किंवा एखाद्या खात्याने अडवले, अथवा मालमत्तेचा व्यवहार पुढे आला, तर त्या वेळी अर्ज करता येतो.

‘आमच्या माघारी’ या तुमच्या प्रश्नातला काही भाग यजमान त्यांच्याच कार्यालयात सोडवू शकतात. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांत, स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. मुलीचे नाव आणि दिव्यांगतेची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात नोकरीत असतानाच झालेली असावी, कारण नंतर हे पुरावे गोळा करत फिरण्याचे काम धाकट्या भावावर येते. त्यांना कोणती निवृत्तिवेतन योजना लागू आहे, हे त्यांनी लेखा शाखेत विचारून घ्यावे. घर आणि जमिनीबाबत गोव्याचा वारसा कायदा इतर राज्यांपेक्षा वेगळा आहे, हे लक्षात ठेवा. इथे मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी कायद्यानेच राखलेला असतो आणि मृत्युपत्राने आपल्या मर्जीप्रमाणे देता येतो तो उरलेला अर्धा. म्हणजे मुलीला वाऱ्यावर सोडण्याची भीती जशी कमी, तशी सगळे एकट्या भावाच्या नावे करून ‘तूच बघ तिला’ म्हणण्याची वाटही बंद. हा दुसरा अर्धा भाग तिला द्यावा की ज्या घरात ती राहील त्याच्या वापराचा हक्क तिला द्यावा, याचा विचार तुम्ही उभयतांनी करून, वकिलांचा सल्ला घेऊन, विशेष नोटरीसमोर (गोव्यात मृत्युपत्रे नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) मृत्युपत्र करावे. भावाला आज इतकेच सांगा की बहिणीला बसमध्ये चढायला शिकवताना शनिवारी त्याने मदत करायची आहे. तिच्या उभ्या आयुष्याची जबाबदारी त्याच्या वयाला पेलणारी नाही, आणि मृत्युपत्राचा विषय त्याच्याशी तो कॉलेजात गेल्यावर बोलता येईल.